पहिल्या पानावरचा श्री

अक्का, मैंदर्गीला जाऊन आले. श्रावणाच्या पहिल्या दिवशी जायचं आपलं ठरलेलंच होतं, त्यामुळे तुम्ही नसताना जायचं की नाही, असा विचार मी केला नाही. एसटीने गेले, एसटीने आले. तिथे काय झालं ते तुमच्या भावाला सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "असू दे, आता काय करणार," म्हणाले आणि पेपर उघडला. त्यांचं बरोबरच आहे. पण ही गोष्ट ज्या एका माणसाला सांगायला हवी, ते माणूस तुम्ही. म्हणून लिहिते.

तुमच्याबद्दल चार शब्द लिहा, असं दोघातिघांनी मला सुचवलं. तुम्ही किती वर्षं चित्रकला शिकवलीत, किती मुलींना हातात ब्रश धरायला शिकवलं, ते मी लिहिणार नाही. ते शोकसभेत सांगून झालं, आणि सांगणाऱ्या बाईंनी तुमचं नावही चुकवलं. तुम्ही असतात तर मागच्या रांगेत बसून मला कोपर मारलं असतंत. मला पोथीचं बोलायचं आहे.

आपल्या दुकानात मैंदर्गीचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले, तेव्हापासून हे सुरू झालं. त्यांनी नमुन्यांची फाइल पुढून मागे आणि मागून पुढे चाळली आणि शेवटी मोबाइल माझ्यासमोर धरला.

"वर श्री असला पायजे. आमच्या पोथीवरला."

मी कॉम्प्युटरवरचे सगळे श्री दाखवले. साधा, नक्षीचा, मोरपिसाचा.

"ह्यातला कुटलाबी नगं."

तुम्ही वरच्या मजल्यावरून कपबशी परत द्यायला खाली आला होतात. फोन हातात घेतलात, चष्मा कपाळावर चढवलात आणि फोन पार नाकाला लावलात. गिऱ्हाईक घाबरलं. "हे दगडावर छापलेलं नाही, वैशाली," तुम्ही म्हणालात. "खालच्या ओळीतले ण बघ. सगळे एका साच्यातले. खिळ्यांचं आहे हे, आणि लई जुनं आहे." मग त्याच दमात मला समजावलंत की शिळेवर छापतात तेव्हा अक्षर हाताने लिहिलेलं असतं, दोन ण सारखे येत नाहीत, धातूचे खिळे ओतले की पानभर एकच ण. आपल्याकडे छापायला नुकतीच सुरुवात झाली होती, तेव्हाचं हे वळण. पुढे खिळे बदलत गेले, अक्षर सरळ आणि गुळगुळीत होत गेलं, आणि हे मागे राहिलं.

"कॉम्प्युटरवर आहे का हे?" तुम्ही विचारलंत.

"नाही. पण ढीगभर फॉन्ट पडलेत."

"ढीगच आहे तो," तुम्ही म्हणालात आणि कपबशी माझ्या बिलबुकावर ठेवून वर गेलात. त्या लग्नाची पत्रिका मी मोरपिसाचा श्री लावून छापली. तुम्ही मात्र त्या दिवसापासून मैंदर्गीची होऊन बसलात.

ते लोक पोथी फक्त श्रावणात कापडातून सोडतात, हे कळल्यावर आपण पहिल्याच दिवशी गेलो. दुकानातला स्कॅनर घेऊन. एसटीत तो माझ्या मांडीवर होता आणि कंडक्टर त्याचं तिकीट मागत होता. महादेवीने, म्हणजे त्या गृहस्थांच्या बायकोने, पाट मांडला. लाल कापडात बांधलेली सुटी पानं, वर-खाली लाकडी फळी. तिने पहिल्या पानाला गंध लावलं, अक्षता वाहिल्या. मी स्कॅनरचं झाकण उघडून काच पुसली. महादेवीचे सासरे भिंतीला टेकून बघत होते. सगळं घर त्यांना अज्जा म्हणतं. घरात कानडी, पोथी मराठी, आणि ती दर श्रावणात वाचणारे तेच.

"ह्यात पान कसं ठेवायचं?" त्यांनी विचारलं.

"काचेवर. अक्षरं खाली करून."

"पालथं?"

"एकच मिनिट, अज्जा."

"पोथी पालथी घालत न्हाईत, बाई."

मी देवघरात चपला घालून शिरल्यासारखं तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "चुकलं अज्जा," म्हणालात आणि झाकण लावून टाकलंत. वा! स्कॅनर न्यायची कल्पना कुणाची होती? पण तुम्ही तेवढ्यात मोबाइल काढून पहिल्या पानाचा फोटो घ्यायला लागलात, कारण अज्जांनी दुसरी अट सांगितली होती. वाचलेलं पान खाली जातं. एकदा खाली गेलं की पुढच्या श्रावणापर्यंत वर येत नाही. समईचा उजेड, हातात धरलेला फोन, ओलं गंध आणि वाचायला बसलेले अज्जा. तो फोटो कसा आला ते आपल्याला माहीत आहे.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही शहाण्या झालात. पत्रिकांचे नमुने लावायची जाळी वाकवून फोनसाठी स्टँड केलात. श्रावणभर रोज सकाळची गाडी धरलीत. मी सोमवारी यायचे. अज्जा एक पान वाचायचे, बोट ओळीवरून उचलायचे आणि म्हणायचे, "घ्या फोटू." तुम्ही घ्यायचात. मग पुढचं पान. तेवढ्यात महादेवी तुमच्या पाठीशी उशी सरकवून जायची. मला कधी उशी मिळाली नाही. मी छापखानावाली, तुम्ही अक्का.

त्यानंतर वरच्या खोलीत तुमचं काम सुरू झालं, ते मी रोज बघत होते. पोथीत जितके क मिळतील तितके क तुम्ही पडद्यावर एकावर एक ठेवायचात, काचेची पानं एकावर एक ठेवावीत तसे. जे सगळ्यांत सारखं, ते साच्यातलं. जे एखाद्यातच दिसतं, ते शाईचं, कागदाचं, नाहीतर तुपाच्या बोटाचं. मग त्या सारख्या भागाच्या कडेने माउसने ठिपके टाकत अक्षर काढायचं. किती साधी पद्धत, आणि किती कटकटीची. एका ह साठी तुम्ही आठवडा घालवलात. मी जेवायला हाक मारली की "आले, वेलांटी टाकते आणि येते," म्हणायचात. वरण गार व्हायचं. मी पुन्हा गरम करायचे आणि त्याबद्दल बोलायचेही. मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही.

आपली भांडणं तरी किती! शिरोरेषा जागोजाग किंचित खालीवर होती, ती मी सरळ करा म्हणत होते. तुम्ही म्हणायचात, "सरळ रेघ पाहिजे तर फूटपट्टी आहे की." मी म्हणायचे, लोकांना वाटेल आपलं मशीन खराब आहे. मग डॉक्टरचं भांडण. जुन्या अक्षरात ऑ नव्हताच. मी म्हटलं, अक्का, आजकाल दर दुसऱ्या पत्रिकेत नवरी तरी डॉक्टर असते नाहीतर नवरदेव. तुम्ही शांतपणे म्हणालात, "डाक्तर लिही." तुमच्यासमोर बसलेला आपला मशीनवाला अंबादास इतका हसला की त्याच्या हातातला चहा कीबोर्डवर सांडला. तो कीबोर्ड अजून आहे. त्याचं एंटर चिकटतं.

शेवटी ऑ तुम्ही काढलात. "हा माझा, पोथीचा नाही," असं स्पष्ट बजावून काढलात. बाकी सगळी अक्षरं झाली, जोडाक्षरं झाली, आकडे झाले. श्री तेवढा अडला.

तो मोठा श्री सगळ्या पोथीत एकदाच आहे. प्रत्येक अध्याय श्रीनेच सुरू होतो, पण तिथे बारीक खिळे. मोठ्या ठशाचा श्री फक्त पहिल्या पानाच्या माथ्यावर, आणि गंध लावतात तेही नेमकं तिथेच. पिढ्यान्‌पिढ्यांचं गंध, त्यावर बोटं, त्यावर धूर. त्या श्रीच्या खाली डावीकडे जी तिरकी रेघ जाते, तिच्या टोकाला एक बारीकसं शेपूट आहे, वर वळलेलं. त्या गृहस्थांच्या फोटोत आणि आपल्याही फोटोत ते अक्षराइतकंच काळपट दिसतं. तुम्ही म्हणालात, हा साचा कोरणाऱ्याचा हात आहे, रेघ संपताना त्याने छिन्नी अशी उचलली. मी म्हणाले, हा गंधाचा ओघळ आहे. एकावर एक ठेवून बघायला दुसरा श्रीच नव्हता.

तुम्ही महादेवीला फोनवर विचारूनही बघितलंत. पुढच्या श्रावणात ओल्या कापसाने जरा टिपलं तर चालेल का?

"देवाचं गंध पुसत्यात व्हय, अक्का?" ती म्हणाली. "लावत्यात."

"बरं, नुसतं बघू तरी दे. दिवसाच्या उजेडात, भिंगातून."

"बघा की. या श्रावणात."

इतकंच उरलं होतं. एक पान, एक भिंग, दारातला उजेड. गंधाचा थर कागदावर चढलेला असतो, शाई कागदात उतरलेली असते, तिरक्या उजेडात दोन्ही वेगळं दिसतं, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत की मी ते झोपेतही म्हणून दाखवलं असतं. तोपर्यंत तुम्ही शेपटासकटचा श्री तात्पुरता ठेवलात. मी नाक मुरडलं. ठरलं मात्र दोघींचं, की पान जे सांगेल ते मान्य.

आता एक गोष्ट, जी तुम्हीच केलीत आणि मीही ज्यात होते. अज्जांना दिसेनासं झालं होतं. पोथीची पानं कडेने तुटत होती, ते अर्धं पाठ म्हणायचे. तुमच्या मनात आलं की त्यांच्या ह्या अक्षरात त्यांना एक पोथी छापून द्यावी. ठसा मोठा, कागद जाड, पानं तशीच सुटी. ज्यांनी महिनाभर आपल्याला पान न्‌ पान दाखवलं, त्यांना देण्यासारखं आपल्याकडे दुसरं होतं तरी काय? मी हिशोब न करता हो म्हटलं, त्याचं तुम्हाला नवल वाटलं होतं. अंबादासने ती जीव लावून छापली. मार्गशीर्षात आपण ती नेऊन दिली. अज्जांनी पान डोळ्यांपासून लांब धरलं आणि वाचलं. लांब धरून! "तीच हाय की," म्हणाले. तुम्ही परतीच्या गाडीत सोलापूर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसलात. आपल्यात एकमेकींचं कौतुक करायची पद्धत नव्हती. तुम्ही माझ्या पत्रिकांना कधी चांगलं म्हटलं नाहीत, मी तुमच्या अक्षरांना फार तर "चालेल" म्हणायचे. त्या दिवशी म्हणणार होते. स्टँड आला, उतरायची गडबड झाली.

आजारपणाचं मी लिहीत नाही. दवाखान्यात तुम्ही एकदाच विचारलंत, "श्रावण कधी लागतोय गं?" मी म्हटलं, आधी ते सलाईन संपू दे. एवढंच बोलले. श्रावण लागायला फार दिवस नव्हते, अक्का. तुम्हाला ते कळत होतं की नाही, मला ठाऊक नाही.

तर, मी गेले. पर्समध्ये भिंग, एक छोटी बॅटरी, चांगला फोन. दारातच महादेवीने माझ्या मागे बघितलं.

"अक्का कुटं हाईत?"

"गेल्या," मी म्हटलं. "आषाढात."

ती दाराची चौकट धरून उभी राहिली. मग आत जाऊन अज्जांच्या कानात मोठ्याने कानडीत सांगितलं. त्यांनी हाताने मला बसायची खूण केली आणि महादेवीने पहिल्यांदाच माझ्या पाठीला उशी दिली. ती उशी मला नको होती.

पाट मांडला. लाल कापड तेच होतं. सोडलं तर आत आपली पोथी.

मला वाटलं, जुनी त्याखाली असेल. महादेवीने फळी काढली. खाली पाट होता.

"जुनी कुठे आहे?" मी विचारलं.

"जुनी सोडली की नदीला."

"कधी?"

"शिवरात्रीला. लई जीर्ण झालती. नवी येईस्तवर ठेवावं लागत हुतं. नवी आली, मग ठेवायची कशी? वाजत-गाजत नेली, बाई. अक्कांनी केवढं मोठं काम केलं आमचं." तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "फोटू दाखवू?"

तिने मोबाइलवर फोटो दाखवले. हार घातलेली पोथी, डोक्यावर घेतलेले तिचे यजमान, पाण्यात उभी असलेली माणसं. मला कुणावर रागावायचं हेच कळेना. त्यांनी काय चुकीचं केलं? जीर्ण पोथी घराघरात अशीच पाण्यात सोडतात, माझ्या माहेरीही सोडली होती. तुम्ही तरी काय चुकीचं केलंत? म्हाताऱ्या माणसाला वाचता यावं म्हणून पोथी दिलीत. सगळ्यांनी सगळं नीट केलं आणि पान गेलं.

तरी मी विचारलं. भिंग हातात होतं, ते कुठे ठेवावं कळत नव्हतं. "अज्जा, जुन्या पोथीत ह्या श्रीला असं शेपूट होतं का हो? तुम्ही तर जन्मभर वाचलीत."

त्यांनी आपल्या छापील श्रीवर बोट ठेवलं. "हे काय, हाय की."

"हे आम्ही काढलंय, अज्जा. जुन्यात होतं का?"

"जुन्यातलंच तर तुमी काडलं."

"शेपूट?" महादेवी वाकून बघत म्हणाली. "मला न्हाई बाई कवा दिसलं. गंधच लावायचो आमी तितं."

मग तिने बोट बुडवलं आणि त्या श्रीवर, तुमच्या श्रीवर, गंध लावलं. ओलं गंध शेपटावरून खाली उतरलं. अज्जांनी वाचायला सुरुवात केली. आवाज खणखणीत होता. एकाही ओळीला अडखळले नाहीत. मी ऐकत बसले. निघताना महादेवीने हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, डबा दिला आणि सांगितलं की शेजारच्या दोन घरांनी आणि मंद्रूपला दिलेल्या मुलीच्या सासरच्यांनीही अशीच पोथी मागितली आहे, मोठ्या अक्षराची, देताय का? मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

येताना गाडीत एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, ती तुम्हाला सांगते, कारण ती दुसऱ्या कुणाला सांगितली तर मला वेड लागलं म्हणतील. पोथी पाण्यात सोडली तेव्हा आधी काय सुटलं असेल? गंध. कागद नंतर विरघळतो, शाई त्याहून उशिरा जाते. म्हणजे पान बुडता बुडता, थोडाच वेळ का होईना, तो श्री स्वच्छ धुऊन निघाला असेल. त्या क्षणी बघणाऱ्याला सगळं दिसलं असतं. माणसं कमरेएवढ्या पाण्यात हात जोडून, डोळे मिटून उभी होती. आणि त्या शिवरात्रीला आपण दोघी इथे दुकानात, साबुदाणा मऊ झाला नाही म्हणून बोलत होतो.

मला वाटलं होतं, मी जिंकेन. खरं सांगते, भिंग त्यासाठीच घेतलं होतं. पान उजेडात धरायचं, गंधाचा थर बघायचा, आणि तुम्ही नसलात तरी म्हणायचं, बघा, ओघळच होता. किंवा थर दिसला नसता तर हरले असते. तेही चाललं असतं. आता काहीच होऊ शकत नाही. माझं मत मी आजही सांगते, तो ओघळच आहे. पण समोर नाही म्हणायला तुम्ही होतात, तोवर त्या मताला जोर होता. आता ते मीच म्हणते आणि मलाच पटत नाही. शेपूट काढावं तर वाटतं, तुमच्या पाठीमागे काढलं. ठेवावं तर वाटतं, गेलेल्या माणसाचं मन राखायचं म्हणून ठेवलं, आणि अक्षराच्या बाबतीत असली दया तुम्ही कधी सहन केली नसतीत.

आज दुपारी अंबादासने फाइल उघडली. मंद्रूपची पोथी आधी काढायची म्हणून. तुमची सगळी अक्षरं चौकटी-चौकटींतून पडद्यावर आली. झालेल्या अक्षराच्या चौकटीला तुम्ही हिरवा रंग देत होतात, हे मला माहीत नव्हतं, त्याला होतं. सगळा पडदा हिरवा, आणि एक चौकट लाल.

"मॅडम," तो म्हणाला, "श्रीचं काय करायचं? हाय तसा ठेवू की शेपूट उडवू?"

मी म्हटलं, थांब जरा.

"कागद मशीनवर चढवलाय, मॅडम."

"कळलं. थांब."

तो खुर्चीत मागे टेकून बसला, माउसवर हात ठेवून. मी वर तुमच्या खोलीत आले आणि हे लिहायला बसले. इतकी पानं लिहून झाली, तरी त्याला काय सांगायचं ते मला सुचलेलं नाही. खाली मशीन अजून सुरू झालेलं नाही, त्याचा आवाज येत नाही. तो थांबलाय.